दगडाबाईच्या आसरा

"माघारी सर! ए पोरी, पुढं पाय टाकू नको!"

दगडाबाई बांधावरून ओरडत पळत सुटली. मागं तिच्या शेळ्या कुणाच्या तरी तुरीत शिरल्या, पण तिनं वळून पाहिलं नाही. बंधाऱ्याच्या पायथ्याशी उस्मानपुऱ्याच्या द्वारकाबाईंची सून आशा घोटाभर पाण्यात उभी होती. कडेवर पाच महिन्यांचं लेकरू, दुसऱ्या हातात खणानारळाची ओटी. नवस तसाच बोललेला होता. मुलगा झाला तर त्याला घेऊन यायचं आणि भिंतीवरून पडणाऱ्या धारेत ओटी सोडायची.

निजाम गेला, त्याचा हा दगडी बंधारा राहिला. उंची जेमतेम पुरुषभर. बघणाऱ्याला वाटावं, यात मांजरही बुडायचं नाही. खरी मेख पायथ्याला आहे. वरून पडलेलं पाणी पुढं न जाता माघारी वळतं आणि माणसाला भिंतीशी धरून रवीनं घुसळावं तसं घुसळतं. पट्टीचा पोहणाराही तिथून सुटत नाही. सरकारनं 'पोहण्यास सक्त मनाई' अशी पाटी लावली, तर रविवारी शहरातून मजा करायला येणारी पोरं तिच्यावर आपल्या विजारी वाळत घालू लागली. मागच्या साली तिघं गेले.

त्यानंतर दगडाबाईनं नदीतले सात गोटे उचलले, त्यांना शेंदूर फासला आणि पाण्याच्या कडेला ओळीनं मांडले. साती आसरा. पाण्यातल्या देवता, रागावल्या की माणसाला खाली ओढून नेणाऱ्या. पाटीला न भिणारी पोरं गोट्यांना भ्याली. वर्षभर कुणी पाण्यात उतरलं नाही आणि दगडाबाई निवांत शेळ्या राखू लागली.

पण जिथं भीती, तिथं नवस आलाच. आपल्याकडं त्याला फार वेळ लागत नाही. दर मंगळवारी बाया येऊ लागल्या. आधी काठावरच नारळ फोडत. मग कुणीतरी टूम काढली, की धारेत सोडलेली ओटीच पावते. आणि आज, वरच्या अंगाला मोठा पाऊस झाल्यामुळं, धार कधी नव्हे एवढी जाड झाली होती.

"आडवं येऊ नका, बाई," द्वारकाबाई म्हणाल्या. "नवसाचं काम आहे."

"कशाचा नवस! आसरा-बिसरा काय नाय इथं. हे गोटे म्या मांडलेत, माझ्या हातानं. पोरं पाण्यात शिरू नाय म्हणून! शेंदूर शेंद्रा गावच्या दुकानातून आणला. खोटं वाटत असंल तर जाऊन इचारा!"

तिनं एक गोटा उचलला आणि पाण्यात भिरकावला. पळून तिला धाप लागली होती, पदर पडला होता, केस सुटले होते, अंग थरथरत होतं. काठावरच्या पंधरा-वीस बायांनी ते पाहिलं आणि पटापट हात जोडले.

"आली! आई अंगात आली!"

"आई नाय गं, मी दगडाबाई! मल्हारीची बायको!"

"परीक्षा बघती आपली," एक म्हातारी म्हणाली आणि तिनं पुढं होऊन दगडाबाईच्या कपाळाला कुंकू फासलं.

द्वारकाबाईंचा चेहरा उजळला. "जा गं पुढं," त्यांनी सुनेला खुणावलं. "आई स्वतः आली ओटी घ्यायला."

आशानं आणखी दोन पावलं टाकली. पाणी गुडघ्याला लागलं. उडणारे तुषार बघून लेकरानं हात नाचवले.

खऱ्याचं काही चालत नव्हतं. दगडाबाईनं डोळे मिटले, केस तोंडावर घेतले आणि ती घुमू लागली. जन्मात कधी घुमली नव्हती. जत्रेत पाहिलेलं आठवून तिनं मान गरगर फिरवली.

"फीर माघारी! मला धारेत ओटी नको, काठावर ठेव! पाण्यात राहशील तर लेकरू ठेवून घेईन!"

आशा जागीच थिजली. मग एकेक पाऊल मागं घेत काठाला लागली. द्वारकाबाईंच्या कपाळाला मात्र आठी पडली. नवसात धार बोलली होती. नवस अर्धा राहिला आणि उद्या पोराला काही झालं तर? त्यांनी सुनेच्या हातातली ओटी घेतली आणि त्या एकदा धारेकडं, एकदा दगडाबाईकडं बघत राहिल्या.

तेवढ्यात शेंद्र्याची सरूबाई बायांमधून वाट काढत पुढं आली. मागच्या साली गेलेल्या तिघांतला एक तिचा. तिनं खाली बसून दगडाबाईचे पाय धरले.

"आई, माझा बन्सी कामून नेला? माझं काय चुकलं हुतं?"

सगळ्या बाया ऐकायला पुढं सरकल्या. द्वारकाबाईही कान देऊन उभ्या राहिल्या.

दगडाबाईची मान थांबली. तुझं काय चुकणार गं बाई, ते मेलं पाणीच माघारी वळतं, एवढंच तिला सांगायचं होतं. पण एवढं एक वाक्य माणसासारखं बोलली असती, तर द्वारकाबाईंनी सुनेला पुन्हा पाण्यात घातलं असतं.

तिनं पुन्हा मान फिरवली.

"चुकलं," ती म्हणाली. "लई चुकलं तुझं."

द्वारकाबाईंनी ओटी काठावर ठेवली आणि सुनेकडून नातवाला घेऊन छातीशी धरत त्या झपाट्यानं मागं सरल्या.

सरूबाईनं पाय सोडले नाहीत. ती हळूहळू मान डोलवत होती.

"व्हय," ती म्हणाली. "मला वाटलंच हुतं, आई."