गिऱ्ह्याचा वाटा

जाळ्यातला पहिला मासा शेवंतीने रोजच्यासारखा पाण्यात सोडला. "तुझो वाटो," ती पुटपुटली. खाडीतल्या गिऱ्ह्याला मासा दिला नाही, तर तो ओळखीच्या आवाजात हाका मारून माणसाला खोल पाण्यात नेतो, हे तिच्या गावात पोरासोरांनाही ठाऊक.

टोपली भरून तिने मान वर केली, तर धुक्याने किनारा पुसून टाकला होता. ती उभी होती तो वाळूचा पट्टा भरती हळूहळू गिळत होती. पाणी आणि आभाळ एकाच दुधाचं झालं होतं.

"शेवंते, हयसर ये. पाणी ढोपराइतकाच आसा."

आवाज नवऱ्याचा होता. तिच्या अंगावर काटा आला. गिऱ्ह्याला मासा नाकारता येत नाही, असं सासू सांगायची. तिने टोपलीतला सगळ्यात मोठा मासा धुक्यापुढे धरला. "मासो होयो?"

"मासो ऱ्हवांदे. आधी तू ये."

तिचा जीव भांड्यात पडला. धुक्यातून आलेला हात तिने घट्ट धरला. हात गार होता. इतका वेळ पाण्यात उभ्या माणसाचा गारच असणार. पाणी खरंच गुडघ्यावर चढलं नाही.

काठाला पाय लागले, तसा हात सुटला. समोरून नवरा धावत आला, कोरड्या कपड्यांत. "खंय होतंस गो? मी आत्ताच होडी काढूक इलंय."

शेवंतीने मूठ उघडली. आत हिरवंगार शेवाळ होतं. ती मागे वळली आणि तिने अख्खी टोपली खाडीत उपडी केली.