खाणीतला व्हिडिओ

बँडला वीस वर्षं झाली म्हणून टीव्हीवर त्यांचे सगळे जुने व्हिडिओ दाखवत होते. गायक प्रत्येकाची आठवण सांगत होता. हेमांगी आणि तिचा भाऊ निशिकांत, दोघंही कॉलेजपासून त्या बँडचे वेडे चाहते.

दगडाच्या खाणीतला व्हिडिओ लागला. त्याच्या शूटिंगला गर्दीत नाचायला दोघं गेली होती. दिग्दर्शकाच्या सांगण्यावरून निशिकांत कड्यावर चढला आणि घसरून पडला. तेव्हापासून तो व्हीलचेअरवर आहे. बँडमधलं कुणी भेटायलाही आलं नाही.

"ह्या शूटिंगला फार धमाल आली," गायक हसत म्हणाला. "एवढी गर्दी, पण कुणाला साधं खरचटलंही नाही."

हेमांगीनं रिमोट उचलला.

"राहू दे, ताई," निशिकांत म्हणाला. "निदान मी चढताना तरी दिसतो का, बघू."

गाणं संपलं. तो कुठेच दिसला नाही.