चौथं गृहीतक

"सर, पुढच्या कामाचं नंतर सांगते. आधी हे बघाल का?" म्हणत तिनं दोन कागद टेबलावर सरकवले.

मुलाखत सुरू होऊन जेमतेम दहा मिनिटं झाली होती. पीएचडी होऊन दीड वर्ष उलटलं होतं, चौदा ठिकाणी अर्ज गेले होते आणि बोलावणं आलं ते फक्त इथून. संशोधनाची दोन वर्षांची जागा. रेल्वेचे ब्रेक सांभाळणारा प्रोग्राम कधीच चुकणार नाही, एका रुळावर दोन गाड्या समोरासमोर येणारच नाहीत, हे सरांनी बारा वर्षं खपून गणितानं सिद्ध केलं होतं. तीच सिद्धता पुढे न्यायची होती.

सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि कागद अगदी नाकाशी धरला.

"पायऱ्या बरोबरच आहेत, त्या संगणकानं तपासल्यात," ती घाईघाईनं म्हणाली. "पण चौथं गृहीतक... एकच निरोप दोनदा पोचणार नाही असं आपण धरून चाललोय. संपर्काची लाइन तुटून पुन्हा जोडली गेली तर पोचतो, सर. मग 'रूळ मोकळा आहे' असं दोन्ही गाड्यांना वाटतं."

सरांनी पेन्सिल घेतली. दोन गाड्या काढल्या, मधे रेघ, रेघेवर बाण. खोडलं. पुन्हा काढलं. आता हे हसतील, म्हणतील, पोरी, हे मी सातव्या भागात निस्तरलंय, अशी तिला वेडी आशा होती. बाण पुन्हा तिथंच येऊन भिडले.

"कुणाला बोललीस?"

"कुणालाच नाही."

ती गप्प बसली असती तर सोमवारी रुजू झाली असती. हे तिलाही कळत होतं आणि त्यांनाही.

सरांनी फोन उचलला. रेल्वेच्या इंजिनिअरला म्हणाले, "आमच्या सिद्धतेत चूक सापडलीय. माझी चूक. आजपासून तिच्यावर विसंबू नका, गाड्या जुन्या पद्धतीनंच सोडा. हो, सगळ्या मार्गांवर." पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत होता. सर नुसतं "हो, हो" म्हणत राहिले.

फोन ठेवून ते म्हणाले, "ही जागा आता राहायची नाही. सगळा निधी त्या सिद्धतेच्याच जिवावर होता."

"माहीत होतं, सर."

"तरी दाखवलंस."

तिला रडू आवरेना. "तुमचं काम मोडायला नव्हते हो मी आले..."

"कामाचं काही नाही गं. काम पुन्हा करता येतं." त्यांनी पाण्याचा ग्लास तिच्यापुढे ठेवला आणि खिडकीकडे तोंड केलं. "आमची ही सहा महिने अंथरुणाला होती आणि मी इथं, या खुर्चीत. संध्याकाळी फोन करायची, 'अहो, झालं का?' मी म्हणायचो, थोडं राहिलंय. गेली त्याच्या आदल्या दिवशी मी सांगितलं, झालं बघ, सगळं सिद्ध झालं."

त्यांनी कपाळावरचा चष्मा काढून हातात घेतला.

"इतकी खूश झाली. म्हणाली, 'चला, सुटलात एकदाचे.'"