भेटीची वेळ चार ते सहा

धायरीतलं वृद्धांचं ते रुग्णालय बंद पडून कित्येक वर्षं झाली होती. वर्तमानपत्रात त्याचा इतिहास लिहायचा म्हणून गंधार एका संध्याकाळी आत शिरला, तर वॉर्ड भरलेला! निम्मी म्हातारी माणसं कॉटवर पडलेली, निम्मी शेजारी स्टुलावर बसून त्यांना मोसंबी सोलून देत होती.

"इथे डॉक्टर कोण आहेत?" त्यानं दाराशी बसलेल्या कुसुमताई नावाच्या आजींना विचारलं.

"डॉक्टर कशाला? आजारी कोणी नाहीये."

"मग हे सगळे?"

"अहो, धडधाकट म्हाताऱ्याला घरी कोण विचारतं? म्हणून आम्ही पाळ्या लावल्यात. आज हे पेशंट, आम्ही भेटायला. उद्या आम्ही झोपायचं, हे शहाळी घेऊन येणार. आपण आलाच आहात, तर त्या खिडकीजवळच्यांपाशी बसा जरा. त्यांना भेटायला येणारे आज खरंच आजारी पडलेत."

गंधार खिडकीपाशी गेला. रोज चारला 'फिरून येतो' म्हणून घरातून निघणारे त्याचे बाबा गळ्यापर्यंत चादर ओढून पडले होते.

"बाबा! काय झालंय तुम्हाला?"

बाबा शेजारच्या कॉटकडे वळले.

"ऐकलंत? विचारलं एकदाचं."