शेवंताचा ठिपका

"कानामागं काढ मावशी, केसाखाली," अनसूया म्हणाली. "कोनाच्या नजरेत नाई आलं पायजे."

गोंदणाऱ्या पार्बताबाईने कडुनिंबाखाली आपला पसारा मांडला होता. काजळाची वाटी, सुया, हळदीची पुडी. तिने अनसूयेच्या मांडीवरल्या पोरीकडे पाहिलं. शेवंता दीड वर्षाची. समोरच्या भिंतीवर निवडणुकीत रंगवलेली बैलजोडी अजून होती, आणि तिला "हम्मा, हम्मा" म्हणून बोलावण्यात ती गुंग होती.

"काय काढू?"

"तुयस. माह्या हातावर हाये तशी, वृंदावनातली."

पार्बताबाई हसली. "पोर वाढते माय, तसं गोंदनही वाढते. आज तुयस काढली तं लगनाच्या वक्ती तिची बोराटी होईन. एवढ्याशा अंगावर एकच ठिपका काढा लागते. आज मोहरीएवढा, मंग ज्वारीएवढा. पन म्हातारी झाली तरी ठिपक्याचा ठिपकाच राह्यते."

"मंग ठिपका काढ. पन कानामागंच."

अनसूयेला घाई होती. दुपारी बैलगाडी मूर्तिजापूरच्या स्टेशनाकडे निघणार होती आणि तिथून शेवंता अकोल्याला जाणार होती, कायमची. नणंद गोदावरी तिला न्यायला आली होती. गोदावरीचा नवरा अकोल्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून. घरात कशाची ददात नव्हती. फक्त दोनदा बांधलेला पाळणा दोनदा रिकामाच सोडावा लागला होता.

अनसूयेला शेवंतेच्या वर तीन लेकरं होती. सासूबाईंनी शब्द टाकला, नवऱ्याने मान हलवली आणि अनसूयाही हो म्हणाली. तिच्यावर कुणी जुलूम केला असं म्हणता येणार नाही. नणंदेचे कोरडे पडलेले डोळे तिलाच पाहवत नव्हते. पण सासूबाईंनी वर एक अट घातली. दिली ती दिली. पोरीला हे कधी कळता कामा नये. आणि सासूबाईंचा, दुर्गाबाईंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. खुद्द सासरेबुवा तो कधी ओलांडायला धजले नव्हते, तिथे सुनेची काय कथा!

म्हणून हा ठिपका. सणावाराला गोदावरी माहेरी येईल, तिच्याबरोबर पोरही येईल. आपण तेलाची वाटी घेऊन तिची वेणी घालायला बसायचं. केस जरा बाजूला सारायचे आणि ठिपका बघून घ्यायचा. तेवढाच आपला हक्क. एका हाताने द्यायचं आणि दुसऱ्या हाताने चिमटीत धरून ठेवायचं, हे काही दान नव्हे, हे अनसूयेलाही कळत होतं. पण आईचं काळीज कळण्यावर कुठे चालतं? ते आपलं तुटत होतं.

पार्बताबाईने पोरीचं जावळ वर केलं आणि सुई काजळात बुडवली.

"काय चालू हाये इथं?"

मागे गोदावरी उभी होती. देवीला नारळ फोडून ती याच वाटेने परतत होती. अनसूयेने पोरीचं जावळ घाईघाईने खाली सारलं.

"काई नाई आक्का. नजर लागू नाई म्हून ठिपका."

"नजरेचा ठिपका गालावर काढतेत," गोदावरी म्हणाली. "कानामागं कोनाची नजर जाते वं?"

अनसूयेने मान खाली घातली. खोटं बोलणं तिला कधी साधलंच नव्हतं. तिने पोरीला आणखी जवळ ओढलं. आता आक्का घरी जाऊन सासूबाईंना सांगणार, आणि तेवढा मोहरीएवढा हक्कही जाणार.

हातातला प्रसाद बाजूला ठेवून गोदावरी कडुनिंबाच्या पाराच्या कडेला टेकली. मग तिने पोरीची इवलीशी मूठ धरली, उजवा हात सरळ केला आणि मनगटाच्या वर बोट ठेवलं.

"मावशी, इथं काढ."

"आक्का!" अनसूया दचकली. "तिथं तं सारे पाह्यतीन. मोठी झाली का ते सोता इचारन, हे कोनं गोंदलं म्हून."

"इचारू दे. म्हूनच तं."

"पन आत्याबाई..."

"मायले मी पाहून घेतो, असं दादा म्हनते अन् गप बसते. मी खरंच पाहून घेईन." गोदावरी जराशी हसली, पण ते हसू टिकलं नाही. "ऐक अनसूया. आज माहं मन साफ हाये. आज कोनी इचारलं तं छातीवर हात ठेवून सांगीन, का हे लेकरू माह्या वहिनीनं देल्लं. पन उद्याचं मले ठाव नाई. लळा लागला का मानूस बेइमान होते. मीबी होईन. सांगू नाई वाटन, लपवावं वाटन, तुह्या घरी आनूच नाई वाटन. म्हून जिथं मले झाकता येनार नाई, तिथं काढून घेऊ दे."

पार्बताबाईने सुई हातातच धरली होती. तिने अनसूयेकडे पाहिलं, मग गोदावरीकडे. "पोरीले घट्ट धरा लागन," ती म्हणाली. "मांडीवर कोन घेते?"

अनसूयेने डोळे पुसले. शेवंतेचा एक मुका घेतला, तिला उचललं आणि नणंदेच्या मांडीवर बसवलं.

"तुमीच घ्या आक्का," ती म्हणाली. "सुई टोचली का लेकरू आईलेच बिलगते."