यानातला आचारी

टीव्हीवरच्या अंतराळमालिकेच्या वेडापायी मैत्रिणींनी स्वतःच लिहिलेल्या कथांचा अंक अमेरिकेतल्या डुलुथ शहरात डोरीनच्या स्वयंपाकघरात बांधला जात होता. पानं इतकी झाली की स्टेपलरची पिन आरपार जाईना. “विल्माची कथा काढू,” डोरीन म्हणाली. “यानातल्या आचाऱ्याची गोष्ट कोण वाचणार? लोकांना कप्तान हवा.” विल्माने आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी लिहिलं होतं. ती आपली पानं वेगळी करू लागली. शेजारी बसलेल्या मैत्रिणीने, आर्डिसने, तिचा हात धरला. “मग माझीही कथा काढ. तिच्यात कप्तान आहे, तरी काढ.” डोरीन तणतणत गॅरेजमध्ये गेली आणि नवऱ्याचं ड्रिल घेऊन आली. तिने सगळ्या गठ्ठ्यांना भोकं पाडली आणि जाड सुई टेबलावर ठेवली. “शिवा आता. आचारी मला अजूनही आवडलेला नाही, पण आर्डिसशिवाय कसला अंक?” विल्माला हसूही आलं, रडूही. शिवलेली पहिली प्रत तिने डोरीनलाच दिली.