डावीकडची तिसरी खोली

टेबलाशी बसलेल्या कारकुनाने मान वर न करताच तिच्यापुढे कार्ड सरकवलं. डावीकडची तिसरी खोली, तो म्हणाला. अजून अवकाश आहे, हवं तर तोंड धुऊन या.

तोंड धुण्याची तिला गरजच होती. तळहातांना घाम सुटला होता. नळ कॉरिडॉरच्या पार दुसऱ्या टोकाला, एक्स-रे विभागाच्याही पुढे होता. तिथे उभं राहून तिने कार्ड वाचलं. खोलीत एक गृहस्थ बसले आहेत. त्यांची पत्नी थोड्या वेळापूर्वी वारली आहे. त्यांना सांगा.

वॉर्डात तिला सगळे छोटी सिस्टर म्हणत. ती सिस्टर नव्हती आणि फारशी छोटीही राहिली नव्हती. पेशंटना उठवणं, पुसणं, भरवणं ही तिची नोकरी. पण तिला फिजिशियन असिस्टंट व्हायचं होतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली पेशंट स्वतः तपासायचा, औषध लिहायचं, घरच्यांशी बोलायचं. या शिक्षणाला प्रवेश मिळावा म्हणून जे जे लागतं ते तिने पोटाला चिमटा काढून जमवलं होतं. पदवी होती. रसायनशास्त्र दुसऱ्या खेपेला का होईना, सुटलं होतं. रुग्णसेवेचे तास मागितल्यापेक्षा जास्तच भरले होते. डॉक्टरांच्या हात धुऊन मागे लागून शिफारसपत्रंही मिळवली होती. राहिली होती ती मुलाखत, आणि गेल्या वर्षी तिचं घोडं इथेच अडलं होतं.

मुलाखती दवाखान्यातच, ओपीडीच्या मजल्यावर रिकाम्या मिळतील त्या खोल्यांत उरकत. गेल्या वर्षीही पेशंटच्या नातेवाइकाचं सोंग घेऊन समोर बसवलेल्या नटाला अशीच बातमी द्यायची होती. तिने आजाराबद्दल सांगितलं, प्रयत्नांबद्दल सांगितलं, धीर दिला, पाणी दिलं. बाई, तुम्ही सगळं सांगितलंत, परीक्षक नंतर म्हणाले, माणूस गेलं एवढंच सांगायचं राहिलं.

या वर्षी सकाळीच सगळ्यांना बजावलं होतं. नट कसलेले आहेत. ते विश्वास ठेवणार नाहीत, वाद घालतील, हसतीलसुद्धा. मागे हटायचं नाही. आम्ही काचेआडून बघत असू. घंटा होईपर्यंत खोली सोडायची नाही.

वर्षभर तिने सराव केला होता. सराव करायला दुसरं कोण होतं? भाड्याच्या खोलीत ती आणि एक खुर्ची. कामावरून आलं की ती खुर्चीपुढे बसायची आणि सांगायची, तुमची पत्नी वारली. बिचारी खुर्ची इतक्या वेळा विधुर झाली, पण तिने कधी हूं की चूं केलं नाही. तरी घरात माणसाचा आवाज व्हायचा, तेवढ्यानेही तिला बरं वाटायचं.

तिची आई गेली तेव्हा एका घाईतल्या माणसाने तिला ते चालता चालता सांगितलं होतं आणि लगेच पुढच्या पेशंटला हाक मारली होती. एवढ्या गर्दीत तिला कुणी बस म्हटलं नव्हतं. ते बस म्हणणारं माणूस तिला व्हायचं होतं. दुसरं काही नकोच होतं.

तिने नळ बंद केला, हात कोरडे केले आणि ती वळली. तिथूनच डाव्या हाताची दारं मोजत आली आणि तिसरं दार लोटलं.

इस्त्रीचा शर्ट घातलेले एक वयस्क गृहस्थ बसले होते. मांडीवर बायकांची पर्स होती आणि ती त्यांनी दोन्ही हातांनी सांभाळून धरली होती. भिंतीत एक काळपट काच होती. तिने तिकडे मुद्दामच पाहिलं नाही.

"झालं का?" त्यांनी विचारलं.

ती खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली. "वाईट बातमी आहे. तुमची पत्नी वारली."

ते खरंच हसले. "भलतंच काय? हात मोडलाय फक्त तिचा."

कसलेला नट, तिच्या मनात आलं. ती मागे हटली नाही. पटणं कठीण आहे हे तिला कळतंय, असं ती म्हणाली. मग तेच शब्द तिने पुन्हा उच्चारले, सावकाश, त्यांच्या डोळ्यांत बघत.

हसू चेहऱ्यावरून गेलं. गेल्या वर्षीच्या नटाने भोकाड पसरलं होतं. हे रडलेच नाहीत. त्यांनी पर्स उघडली, आत पाहिलं, परत मिटली.

"सकाळी मी ओरडलो तिच्यावर," ते म्हणाले. "खाली बघून चालता येत नाही का, म्हणून."

तिने त्यांचा हात हातात घेतला. हात गार पडला होता. त्यांनी तिची बोटं घट्ट धरली, आणि कुणी आपला हात असा धरून किती काळ लोटला हे तिला आठवेना.

ते उठू लागले. "बसा," ती म्हणाली. "मी आहे इथे."

हा शब्द आपल्याला जमला, हे तिला कळलं. आपण पास झालो, हेही कळलं, आणि अशा वेळी आनंद झाल्याची तिला थोडी लाज वाटली.

घंटा वाजली, पण लांबून, कॉरिडॉरच्या पार त्या टोकाकडून. तिने हळूच हसून त्यांच्याकडे पाहिलं. संपलं आता, सुटलात तुम्ही, ती पुटपुटली. त्यांनी हात सोडला नाही.

तेवढ्यात दार ढकललं गेलं. ओलसर पांढऱ्या प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवलेल्या एक बाई डोळे किलकिले करत उंबरठ्यात उभ्या होत्या.

"अहो, पर्स द्या बघू माझी. चष्मा त्यातच राहिलाय, मला मेली दारंसुद्धा धड ओळखू येईनात."